'निवडक खटले' आणि 'फौजदारी'तली फौज

इंदिरानगरच्या एका वाचकांचा प्रश्न: बड्या देशांना सोडून दुबळ्या देशांच्या नेत्यांवरच आंतरराष्ट्रीय खटले भरले जातात, या आरोपासाठी 'निवडक खटले' म्हणणं बरोबर का?

नाही. मराठीत 'निवडक' म्हणजे पारखून घेतलेलं, सरस. कविता निवडक असतात, पिंपळगावहून परदेशी जाणारी द्राक्षं निवडक असतात. पक्षपाताला ते विशेषण लावलं की तक्रारीची तारीफ होते. सरळ 'तोंड पाहून भरलेले खटले' म्हणा.

त्याहून चीड येते ती दुसऱ्याच चुकीची. गोदाघाटावरच्या व्याख्यानापासून टीव्हीच्या बातम्यांपर्यंत सर्रास ऐकू येतं, 'आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पुतिन यांच्यावर वॉरंट काढलं.' अहो, ते न्यायालय वेगळं! तिथे देशाविरुद्ध देश उभा राहतो. कुलभूषण जाधवांचं प्रकरण तिथलं. मार्च २०२३ मध्ये वॉरंट काढलं ते आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने. दोन्ही हेगमध्ये आहेत, म्हणून एक होत नाहीत.

आणि 'फौजदारी' गाळायचा शब्दच नाही. अरबी 'फौज', तिला जोडलेला फारसी 'दार'. मुघल अमलात फौजदार म्हणजे पदरी सैन्य बाळगून मुलखाचा बंदोबस्त ठेवणारा अंमलदार. दरोडेखोर, बंडखोर धरून आणणं त्याचं काम. त्याच्या अखत्यारीतलं ते फौजदारी, दिवाणाकडचं ते दिवाणी. आजही त्र्यंबक रस्त्यावरच्या पोलीस अकादमीतून उपनिरीक्षक होऊन बाहेर पडणाऱ्याला गाव फौजदारच म्हणतं. गुन्ह्याच्या न्यायाला मराठीने नाव दिलं ते धरून आणणाऱ्याच्या ताकदीवरून!

हेगच्या या फौजदारी न्यायालयाकडे नेमकी तीच ताकद नाही. धरून द्यायचं ते देशांनी. वॉरंट असलेले सुदानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अल-बशीर २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून निसटले, पुतिन २०२४ मध्ये मंगोलियाला जाऊन आले. दक्षिण आफ्रिका आणि मंगोलिया, दोन्ही या न्यायालयाचे सदस्य. फिलिपिन्सचे माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते २०२५ मध्ये हेगला पोचले, कारण त्यांच्याच देशाच्या सरकारने त्यांना धरून दिलं. सुदानमधल्या दार्फुरचं प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २००५ मध्ये तिकडे सोपवलं, सीरियाचं २०१४ मध्ये रशिया-चीनच्या नकाराधिकाराने अडलं. पक्षपाताचं मूळ मला न्यायाधीशांपेक्षा इथे दिसतं.

म्हणूनच 'दांडिक न्यायालय' सुचवणाऱ्या शुद्धीवाद्यांशी माझं मुळीच जमत नाही. भगूरच्या सावरकरांनी दिलेले 'महापौर', 'दिनांक' आनंदाने घ्यावेत. पण 'दांडिक'मध्ये शिक्षा दिसते, आरोपीला कोण आणणार ते दिसत नाही. हिंदीवरून उचललेलं 'आपराधिक न्यायालय' तर त्याहून वाईट. मराठी कानाला त्यात न्यायालयानेच अपराध केल्यासारखा वाटतो.