‘चरित्रपट’, ‘आधारित’, ‘बेतलेला’ की ‘सुचलेला’?

‘हान्स ख्रिश्चन अँडरसन’ या, त्याच नावाच्या डॅनिश परीकथाकाराविषयीच्या, 1952 सालच्या हॉलिवूडच्या संगीतपटाची ओळख मराठीत करून देताना त्याला चरित्रपट म्हणावे, ‘जीवनावर आधारित’ म्हणावे की ‘जीवनावर बेतलेला’, असा प्रश्न विचारला गेला आहे. माझ्या मते या चित्रपटाला यांपैकी एकही शब्द लागू पडत नाही.

‘चरित्रपट’ तर मुळीच नको, कारण आपण सांगत आहोत ते चरित्र नसून या कथाकाराविषयीची एक परीकथा आहे, असे चित्रपटच आरंभी सांगून टाकतो. डॅनी केने रंगवलेला अँडरसन ओडेन्स गावातला मोची आहे. मुले त्याच्या गोष्टींपायी शाळा बुडवतात म्हणून त्याला गाव सोडावे लागते, आणि कोपनहेगनमध्ये तो एका विवाहित बॅले-नर्तिकेच्या प्रेमात पडतो. खरा अँडरसन मोची नव्हता, मोची होते त्याचे वडील; तो 1819 मध्ये वयाच्या चौदाव्या वर्षी कोपनहेगनला गेला तो रंगभूमीवर नाव काढण्यासाठी.

‘आधारित’ म्हटले की आधार काढून घेतल्यास वरचे कोसळेल, असा संबंध अभिप्रेत असतो. इथे जन्मगाव, कोपनहेगन, चामड्याचा धंदा आणि नाव एवढेच उसने घेतले आहे. ‘बेतणे’ हे क्रियापद तर शिंप्याच्या कामातले: अंगाचे माप घेऊन त्याबरहुकूम कापड कापणे. ज्या कथानकाने अँडरसनच्या आयुष्याचे माप घेतलेच नाही, ते त्यावर बेतलेले कसे म्हणावे? ‘स्वैर रूपांतर’ही चालणार नाही, कारण त्याला समोर एखादी मूळ संहिता असावी लागते. म्हणून ‘अँडरसनवरून सुचलेला काल्पनिक संगीतपट’ हे मला सर्वांत नेमके वाटते. ‘सुचणे’ या साध्या क्रियापदात प्रेरणेचे ऋण मान्य होते आणि तपशिलाच्या खरेपणाची हमीही दिली जात नाही.

गाण्यांची गोष्ट मात्र वेगळी. फ्रँक लेसरने लिहिलेल्या गाण्यांपैकी कुरूप बदकाचे आणि राजाच्या नव्या कपड्यांचे ही गाणी अँडरसनच्या कथाच सांगतात, त्यामुळे त्यांना ‘कथांवर आधारित’ म्हणणे योग्यच आहे. थंबेलिनाच्या, म्हणजे अंगठ्याएवढ्या मुलीच्या, गाण्याला तेही म्हणता येणार नाही: कोठडीतला अँडरसन खिडकीबाहेरच्या मुलीसाठी आपल्या अंगठ्यावर चेहरा काढून ते गातो, पण त्यात मूळ कथेतले नावापलीकडे फारसे काही येत नाही. ‘बेतलेला’ हा शब्द वापरायचाच असेल, तर चित्रपटाच्या उत्तरार्धातल्या जलपरीच्या बॅलेसाठी वापरावा, कारण तो अँडरसनच्या 1837 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कथेवरून रचलेला आहे.