मार्क कमी आले म्हणून मुलाचा रॅपचा क्लास बंद करताय? आधी जुनी प्रगतीपुस्तकं काढा

"मार्क कमी पडले, आता तो क्लास बंद" हे पालकांकडून इतक्यांदा ऐकते की शेवटी म्हटलं लिहूनच टाकावं. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

धारावीतली एक आई, चार घरची कामं करते, मुलगा नववीत. धारावीत शाळा सुटल्यावर पोरांना फुकट हिपहॉप शिकवणं नवीन नाही, धारावी ड्रीम प्रोजेक्टची शाळा बऱ्याच जणांना माहितीये, तसल्याच एका छोट्या वर्गात हा आठवड्यातून दोनदा जायचा, रॅप आणि बीटबॉक्सिंग (तोंडानेच ताल वाजवणं) शिकायला. सहामाहीत गणितात नापास झाला आणि आईचा धीर सुटला. "मॅडम, फुकट शिकवतात म्हणजे काहीतरी असणारच ना? आणि रॅप म्हणजे नुसत्या शिव्या. पुढच्या वर्षी दहावी, तुम्हीच सांगा त्याला."

मी तिला मागची प्रगतीपुस्तकं आणायला सांगितली. शेजारी शेजारी ठेवून बघितलं तर गणित सातवीपासूनच घसरत होतं, आणि क्लास लागला नववीच्या जूनमध्ये! मग मुलाशी एकट्याशी बोलले. अपूर्णांकच पक्के नाहीत, त्यामुळे बीजगणित सगळं डोक्यावरून जातं, आणि वर्गात विचारायचं तर तो बोलताना अडखळतो, 'प' आणि 'क' वर जीभ अडकून बसते, पोरं हसतात, मग विचारणंच सोडून दिलं.

आणि हाच मुलगा रॅप करताना अडखळत नाही. आईचा विश्वासच बसेना. पण अडखळत बोलणाऱ्या बऱ्याच जणांचं असं होतं, गाताना, तालावर किंवा सगळ्यांबरोबर एकत्र म्हणताना शब्द सुटतात. रॅपने तोतरेपणा बरा होतो असं मी अजिबात म्हणत नाहीये, त्यासाठी स्पीच थेरपिस्टलाच दाखवायला पाहिजे, म्हणून त्यांना वांद्र्याच्या अली यावर जंग या बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींवरच्या संस्थेत जायला सांगितलं. पण अख्ख्या दिवसात ज्या एका जागी हा पोरगा तोंड उघडतो तीच जागा शिक्षा म्हणून काढून घेतली असती तर काय झालं असतं, याचा विचार करून मला अजून वाईट वाटतं.

आता फुकटचं म्हणाल तर आईची शंका रास्त आहे, अशी शंका कुणी हसण्यावारी नेऊ नये. न सांगता एकदा जाऊन या. दार उघडं असतं का, आईबापांना बसू देतात का, एखाद्या मुलाला एकटं मागे थांबवून घेतात का, व्हिडिओ टाकायच्या आधी घरी विचारतात का, पैसा कुठून येतो ते सरळ सांगतात का. यातल्या कशाला टाळाटाळ झाली तर शिकवणं कितीही भारी असो, पाठवू नका, आणि काही गैर दिसलं तर 1098 ला, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन करा.

ही आई गेली, मागे बसून सगळं बघून आली. मला म्हणाली, "शिव्या नव्हत्या हो, आमच्या नळावरच्या भांडणाचंच गाणं केलं होतं."

मग आम्ही तिघांनी बसून ठरवलं. क्लास चालू, बाकीच्या दिवशी चाळीतल्या एका कॉलेजच्या मुलीकडे पाचवीच्या अपूर्णांकांपासून गणित (नववीच्या पोराला हे कमीपणाचं वाटतं, त्याला समजवायलाच जास्त वेळ गेला). दहावीला भाषेच्या विषयांत 80 ची लेखी आणि 20 मार्कांची तोंडी परीक्षा असते, हे सांगितल्यावर बोलण्याचं महत्त्व आईलाही पटलं. शाळेतल्या बाईंना भेटून तिने एवढंच मागितलं की त्याला बोलायला वेळ द्या, मधेच वाक्य पुरं करून देऊ नका.

गणितात तो आत्ता कुठे काठावर पास झालाय. दहावीच्या पूर्वपरीक्षेच्या महिन्यात क्लासला किती वेळा जायचं ते त्यानेच ठरवायचं, आई फक्त विचारणार.