खऱ्या संघर्षांवरच्या गंभीर चित्रपटांत सगळ्यात दमदार अभिनय तुम्हाला कुणाचा वाटला?

माझं उत्तर जरा अनपेक्षित वाटेल. 'कोर्ट' (2014) मधली सफाई कामगाराची विधवा. काम जेमतेम दोन प्रसंगांचं.

एका लोकशाहिरावर खटला आहे, की त्याच्या गाण्यामुळे मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या कामगाराने जीव दिला. बायको साक्षीला उभी राहते. नवरा आत उतरायच्या आधी खडा टाकायचा; झुरळ वर आलं तर आत हवा आहे असं समजायचं. वास सोसावा म्हणून दारू प्यायचा. हे सगळं ती रेशन दुकानात कार्डावरची नावं सांगावीत तशा आवाजात सांगते. पुढे बचाव पक्षाचा वकील तिला गाडीतून घरी सोडताना पैसे देऊ करतो. ते ती घेत नाही, काही काम असेल तर सांगा म्हणते. बस्स. भूमिका करणारी बाई व्यावसायिक नटी नाही, तिचा स्वतःचा नवराही याच कामापायी गेलेला. मग हा अभिनय कसला, असं कुणी म्हणेल. आपल्याच घरात घडलेलं कॅमेऱ्यापुढे टेकमागून टेक, आवाज न हलू देता सांगून बघा म्हणजे कळेल.

मी बीड जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी बँकेत पीककर्जाच्या टेबलावर बसतो. थकबाकी ऐकून माझ्यासमोर कुणी हंबरडा फोडलेला नाही. माणूस बंडीच्या आतल्या खिशातून कॅरीबॅग काढतो, तिच्यातून जमिनीचे उतारे, सातबारा आणि आठ-अ, आणि घडी पडलेला कोपरा अंगठ्याने सरळ करत बसतो. आकडा सांगितला की हसतो. "नवं-जुनं करून द्या की साहेब," एवढंच म्हणतो, म्हणजे जुनं कर्ज नव्या कर्जात फिरवून द्या. खुर्चीवरही दोनदा सांगितल्याशिवाय टेकत नाही. त्यामुळे पडद्यावरचा शेतकरी भेगाळलेल्या रानात उकिडवा बसून आभाळाकडे बघायला लागला की माझं लक्ष उडतं. (आमच्या काळ्या रानाला चांगल्या सालातही उन्हाळ्यात भेगा पडतातच. त्या दुष्काळाचा पुरावा नव्हेत, पण मुंबईच्या कॅमेऱ्याला हे कोण सांगणार.)

'आक्रोश' (1980) मधला ओम पुरींचा लहान्या भिकू म्हणूनच अंगावर येतो. बायकोच्या खुनाचा आरोप त्याच्यावर, आणि तो वकिलाशीसुद्धा बोलत नाही. नसीरुद्दीन शाह विचारून विचारून थकतात. हा मान खाली घालून बसलेला, सगळं काम डोळ्यांचं आणि जबड्याचं. शेवटी बापाच्या चितेपाशी तो काय करतो ते सांगत नाही. पण ती किंकाळी आधीच्या गप्प बसण्यानेच कमावलेली आहे.

'फँड्री'त (2013) जब्याचं, म्हणजे त्यातल्या मुख्य पोराचं, कौतुक सगळ्यांनी केलं, रास्तच केलं. मी मात्र त्याच्या बापाकडे, किशोर कदमांच्या कचरूकडे बघत होतो. गावातल्या बड्या माणसासमोर त्याचे खांदे आपोआप आत वळतात आणि घरी पोरावर खेकसताना तेच खांदे ताठ होतात. असं वाकणं मला टेबलाच्या या बाजूने रोज दिसतं.

'कडवी हवा' (2017) आमच्या शाखेत बऱ्याच जणांनी पाहिला, कारण उघड आहे: त्यातल्या वसुलीवाल्याला गाव यमदूत म्हणतं. त्यावरून चेष्टा भरपूर झाली. संजय मिश्रांचा आंधळा म्हातारा मुलाच्या कर्जापायी याच यमदूताशी हातमिळवणी करतो, आणि ती लाचारी ते अजिबात गोड करत नाहीत. काठी टेकत चालण्यात कुठेही 'बघा मी आंधळा' असं नाही. रणवीर शौरीचा वसुलीवालाही खरा वाटला. कोरडा, चिडका, घर ओडिशाच्या किनाऱ्यावर, जीव तिकडे अडकलेला.

आमच्या मराठवाड्यातला हवा असेल तर 'पाणी' (2024) आहे, नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीच्या खऱ्या घटनेवरचा. आदिनाथ कोठारेंचं काम प्रामाणिक आहे, पण तिथे मला नटापेक्षा गावच जास्त लक्षात राहिलं.

सुरुवात 'कोर्ट'पासूनच करा. संथ आहे, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून बसा. 'आक्रोश' मात्र रात्री जेवणानंतर लावू नका, झोप लागत नाही.