शिक्षा संघाला, दोष कोणाचा?

सस्नेह नमस्कार,

आपली मुलगी शाळेच्या व्हॉलीबॉल संघाची कर्णधार आहे. संघातील दोघींनी नव्याने आलेल्या एका मुलीचे रॅगिंग केले आणि शाळेने संपूर्ण संघच उरलेल्या हंगामातून मागे घेतला. क्रीडा प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज करताना हे लिहावे की टाळावे, असे आपण विचारले आहे; आणि जे तिने केलेच नाही त्याची शिक्षा तिला का, असेही.

परिणाम सर्वांचा असू शकतो, दोष मात्र ज्याचा त्याचाच. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जमैकाने जिंकलेले ४ x १०० मीटर रिलेचे सुवर्णपदक नेस्टा कार्टरच्या नमुन्यात बंदी असलेले द्रव्य आढळल्यामुळे २०१७ मध्ये रद्द झाले आणि उसेन बोल्टलाही ते गमवावे लागले, कारण चौघांनी मिळून मिळवलेला निकाल एकाच्या वाट्यापुरता रद्द करता येत नाही. बोल्टवर बंदी मात्र आली नाही, आणि त्याची १०० व २०० मीटरची पदकेही कायम राहिली. हंगाम हुकणे हे आपल्या मुलीच्या बाबतीत तसेच नुकसान आहे. तो तिच्यावरचा ठपका नव्हे.

तरीही, आदल्या दिवशी तिला याची कुणकुण लागली होती, असे आपण ओझरते लिहिले आहे, आणि मला तेच वाक्य सर्वांत महत्त्वाचे वाटते. २०१८ मध्ये केपटाउन कसोटीत चेंडू कुरतडण्याचे काम ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरॉन बॅनक्रॉफ्टने केले, त्याला ९ महिन्यांची बंदी झाली. परंतु कर्णधार स्टीव्ह स्मिथला, बेत ठाऊक असूनही तो न रोखल्याबद्दल, १२ महिन्यांची. शाळकरी मुलीला ही फूटपट्टी जशीच्या तशी लावणे अन्यायाचे होईल, कारण देखरेखीची पहिली जबाबदारी मोठ्यांची होती. पण कुणकुण लागूनही गप्प राहणे, एवढा वाटा कर्णधार म्हणून तिचा आहे, आणि तो तिने नाकारू नये. दोषींची नावे कळेपर्यंत साऱ्या संघाला शिक्षा म्हणून मैदानाच्या फेऱ्या मारायला लावणे मात्र मला सर्वथा चुकीचे वाटते. त्यामुळे इतरांचा राग तक्रार करणाऱ्या मुलीवरच वळतो.

म्हणून अर्जात हे जरूर लिहावे, मोजक्या वाक्यांत: काय घडले, तिला काय ठाऊक होते, ती कोठे गप्प राहिली आणि नंतर तिने काय केले. दोषी मुलींची नावे देऊ नयेत. ‘नंतर काय केले’ याचे उत्तर आज नसेल, तर अर्जाआधी तिने त्या नव्या मुलीला भेटावे, अर्जासाठी म्हणून नव्हे, तर ते देणे बाकी आहे म्हणून. संघाची माघार आणि वैयक्तिक शिस्तभंगाची कारवाई या दोन वेगळ्या नोंदी असल्याचे शाळेकडून लेखी घ्यावे आणि शिफारसपत्र देणाऱ्या शिक्षकांना ते आधीच दाखवावे.