चढणीचा मासा, उन्हाळ्यातला डोह

नद्या, ओढे आणि त्यांतील मासेमारी यांविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पहिले उत्तर लांबले आहे, कारण पुढच्या तिन्ही उत्तरांचा पाया त्यातच आहे.

प्रश्न : मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की आमच्या पऱ्याला (लहान ओढ्याला) चढणीचे मासे येत आणि सारा गाव ते धरायला लोटत असे. आता मासे फारच थोडे येतात. आमच्या एका पाहुण्यांचे म्हणणे असे, की चढणीचे मासे धरणेच चूक आहे. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही रीत खरोखरच चूक म्हणायची का? (एक वाचक, संगमेश्वर तालुका)

उत्तर : रीत चूक नव्हती, पण ती ज्या नदीवर पोसली गेली ती नदी आता तशी राहिलेली नाही. चढणीचा मासा, ज्याला रायगडाकडे वलगण म्हणतात, तो अंडी घालण्यासाठी वर चढत असतो. उन्हाळाभर नदीच्या खोल डोहांत तग धरून राहिलेल्या माशांना पहिल्या पावसाचे गार, गढूळ, वेगाने वाढणारे पाणी लागले, की ते प्रवाहाच्या उलट निघतात आणि पऱ्या, वहाळ, भाताची खाचरे अशा उथळ जागी पोहोचतात. काही जाती गोट्या-खड्यांत अंडी घालतात, तर काही पाण्याखाली गेलेल्या गवतात. मोठ्या नदीत पिलांना खाऊन टाकणारे मासे असतात, खाचरात ते कमी असतात आणि तिथे खाद्यही मुबलक मिळते. भाद्रपदात पाणी ओसरू लागले की हीच पिले वाढून नदीत परततात. म्हणजे जूनमध्ये पऱ्याच्या अरुंद जागी धरलेली पोटात गाभोळी (अंड्यांचा पुंजका) असलेली मादी ही एक मासा नसते, तिच्या पोटात हजारो अंडी असतात.

पूर्वी हे सहन होत असे, कारण धरणारे हात थोडे होते, वर चढायला वाटा अनेक होत्या, आणि अंधारात कंदील व पाग (हाताने फेकायचे जाळे) घेऊन उतरलेल्या माणसांच्या हातून पुष्कळ मासे निसटत. आज एकाच पऱ्यावर सिमेंटचा बंधारा असतो, त्याच्या खाली अडकून पडलेला मासा दहा जण घेरतात आणि बारीक आसाच्या (छिद्रांच्या) नायलॉनच्या जाळ्यातून बोटभर पिलूही सुटत नाही. त्यामुळे मासे अजिबात धरू नका असे मी म्हणणार नाही, कारण चढणीच्या माशाचे कालवण हा कोकणातल्या पावसाळ्याचा एक भाग आहे आणि नदीशी असलेले गावाचे नाते अशाच गोष्टींनी टिकते. गावाने एवढे मात्र ठरवावे, की पहिल्या लोंढ्याचे दोन-तीन दिवस कोणीही पाण्यात उतरणार नाही, त्यानंतरही पऱ्याची पूर्ण रुंदी जाळ्याने किंवा सापळ्याने अडवली जाणार नाही, आणि गाभोळी असलेली मोठी मादी हाती लागली तर ती बांधाच्या वरच्या बाजूला सोडून दिली जाईल. नवा बंधारा होणार असेल तर माशाला चढता येईल असा उतार किंवा पायऱ्या त्यात ठेवण्याचा आग्रह काम सुरू होण्यापूर्वीच धरावा.

येथे आणखी एका माशाची आठवण करून देतो. गोड्या पाण्यातली लांब वाम, जिला काही भागांत अहीर म्हणतात, तिचा प्रवास नेमका उलटा असतो. ती नदीत वाढते आणि अंडी घालायला समुद्रात उतरते. वाट अडली की चढणारा आणि उतरणारा, दोघेही संपतात.

प्रश्न : आमच्या नदीत काही जण ब्लीचिंग पावडर टाकून आणि बॅटरीचा करंट लावून मासे मारतात. बोलायला गेले तर भांडण होते. कायदा काय सांगतो आणि तक्रार कोणाकडे करावी? (एक वाचक, भोर तालुका)

उत्तर : स्फोटके लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारण्यास आपल्याकडे १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमापासून बंदी आहे. पुढे महाराष्ट्राने १९६० मध्ये स्वतःचा मत्स्यव्यवसाय अधिनियम केला. १८९७ च्या कायद्यातील शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड अशी होती, यावरूनच केवळ शिक्षेच्या भयावर नदी का राखता येत नाही हे लक्षात येईल. तरीही तक्रार अवश्य करावी, आणि ती लेखी करावी. पोलीस ठाणे, तहसीलदार आणि जिल्ह्याचे मत्स्यव्यवसाय कार्यालय या तिन्ही ठिकाणी प्रत देऊन पोच घ्यावी. कारखान्याच्या सांडपाण्याचा संशय असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळालाही कळवावे, कारण तिथे १९७४ चा जलप्रदूषण कायदा लागू होतो.

मेलेले मासे दिसले की प्रथम वेळ लिहून ठेवा. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडून धापा टाकत असतील आणि ऊन चढल्यावर सावरत असतील, तर पाण्यातला प्राणवायू कमी झालेला असतो. रात्री पाणवनस्पती आणि कुजणारी घाण दोन्ही तो वापरतात, म्हणून पहाट ही सर्वांत बिकट वेळ असते. याउलट भर दुपारी एकाच टप्प्यातले लहान-मोठे सगळे मासे, खेकडे आणि बेडूक एकदम मेलेले आढळले तर विषाचा संशय धरावा. स्वच्छ बाटलीत पाण्याचा नमुना घ्यावा, ठिकाण नोंदवावे, छायाचित्रे काढावीत आणि पंचनाम्याचा आग्रह धरावा. पाणी वाहते असते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पुरावा उरत नाही.

भांडणाच्या वेळी कायद्यापेक्षा एक गोष्ट अधिक उपयोगी पडेल असे मला वाटते. ब्लीचिंग पावडरमधले क्लोरीन माशांचे कल्ले जाळते हे खरे, पण त्याच पाण्यावर गुरे येतात आणि नळयोजनेची विहीरही बहुधा त्याच काठावर असते. करंटने तर मासेमारी करणारी माणसेही दगावतात. गेळ्याची फळे किंवा रामेठ्याची साल कुटून, मासे गुंगवण्यासाठी पाण्यात टाकण्याची जुनी रीत होती. तिचे समर्थन मी करत नाही, पण तिचा परिणाम एका डबक्यापुरता असे आणि पाणी वाहते झाले की तो ओसरे. आजची रसायने पिलांसह सारा टप्पा रिकामा करतात.

प्रश्न : आमची ग्रामपंचायत ओढ्याचे खोलीकरण करणार आहे. माशांसाठी ते चांगले की वाईट? आमच्याकडे देवाचा डोह नाही, पण एखादा डोह गावाला राखून ठेवता येईल का? (एक वाचक, महाड तालुका)

उत्तर : महाडच्या वाचकाला हा प्रश्न पडावा याचा मला आनंद झाला, कारण देवाच्या डोहाचे, म्हणजे श्रद्धेने मासे राखलेल्या डोहाचे, उत्तम उदाहरण आपल्याच तालुक्यात आहे. काळ नदीवरील वाळणकोंडीत देवीचे म्हणून राखलेले महाशीर मासे आजही सुखरूप आहेत. वाडा तालुक्यात वैतरणेच्या काठी तिळसे येथेही महादेवाच्या श्रद्धेपोटी मासे धरले जात नाहीत. उन्हाळ्यात नदी तुटक होते तेव्हा हे डोहच माशांचे आश्रयस्थान असतात, आणि पुढच्या जूनमध्ये चढणारा मासा तिथूनच निघतो. नवा राखीव डोह करता येतो. ग्रामसभेत ठराव करावा, २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली असलेल्या गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीमार्फत लोक जैवविविधता नोंदवहीत त्या डोहाची आणि तिथल्या माशांची नोंद करावी, आणि त्यावर पोट असलेल्या कुटुंबांना ठराव होण्यापूर्वी विश्वासात घ्यावे, म्हणजे राखणदारही तेच होतील.

आता खोलीकरणाविषयी. साचलेला गाळ आणि नदीचा मूळ तळ यांत फरक आहे. २०२१ च्या जुलैतील महापुरानंतर चिपळूणला वाशिष्ठी आणि शिव नद्यांतील गाळ काढण्याची मागणी झाली, आणि पुराने घर बुडालेल्या माणसाची ती मागणी मी समजू शकतो. पण जेसीबीने ओढ्याचा तळ एकसारखा सपाट खरवडला आणि काठ उभे कापले, तर गोटे जातात, डोह बुजतात आणि काठ धरून ठेवणारी उंबर, करंज, जांभूळ, वाळुंज व शेरणी यांची मुळे उघडी पडतात. मग काठ ढासळून दोन पावसाळ्यांत तेवढाच गाळ पुन्हा येतो. म्हणून काम कुठून कुठपर्यंत आणि किती खोल, हे नकाशावर मागून घ्या, डोह आणि काठची झाडे आधी खुणा करून वगळा, आणि मे संपण्याआधी यंत्रे पात्राबाहेर निघतील अशी अट ठरावात लिहा.

प्रश्न : मी हौशी गळकरी आहे. नदीत मासे वाढावेत म्हणून आम्ही मित्र तिलापियाचे बीज सोडणार आहोत. महाशीर लागला तर सोडून देतो, तो जगतो का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : तिलापियाचे बीज कृपया सोडू नका. १९५२ मध्ये भारतात आलेला हा मासा भराभर वाढतो आणि स्थानिक माशांची जागा व्यापतो. पश्चिम घाटातल्या माशांपैकी निम्म्याहून अधिक जाती जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. आपल्या भागातला मासाही दुसऱ्या नदीत परकाच ठरतो. आपला खुद्री महाशीर कावेरीत सोडला गेला, आणि तिथला कुबडाचा महाशीर कमी होण्यामागे ते एक कारण मानले जाते. हाच खुद्री ब्रिटिश लष्करी अधिकारी व निसर्ग-अभ्यासक विल्यम साइक्स यांनी १८३९ मध्ये आपल्या पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून शास्त्राला ओळख करून दिला होता.

सोडलेला महाशीर जगतो, पण कसा सोडला यावर ते अवलंबून असते. काट्याची उलटी अणी पकडीने दाबून घ्या, मासा खेळवत दमवू नका, ओल्या हातांनी धरा आणि शक्यतो पाण्याबाहेर काढूच नका. नंतर त्याचे तोंड प्रवाहाकडे करून दोन्ही हातांनी आधार द्या, आणि शेपटीचा जोर लावून तो स्वतः निघेपर्यंत हात सोडू नका.