पोरांच्या डोक्यात आधीच काय असतं?

प्रश्न: खानापूर भागात मराठी शाळेत चौथीला शिकवते. बाष्पीभवनाचा धडा घ्यायचाय, खरं पोरांना आधी काय ठाऊक आहे ते कळतच नाही, विचारलं की गप्प बसतात नाहीतर पुस्तकातली ओळ घडाघडा म्हणून दाखवतात.

उत्तर: बाई, व्याख्या विचारूच नका हो. स्टीलच्या पेल्यात बर्फ घालून कोकम सरबत टेबलावर ठेवा, बाहेरनं थेंब आले की विचारा, हे पाणी कुठनं आलं? बोलायच्या आधी प्रत्येकाला वहीत चित्र काढू दे, म्हणजे हुशार पोरगं ओरडलं म्हणून बाकीचे त्याचंच म्हणणार नाहीत. कोण म्हणेल पेला झिरपतोय, कोण म्हणेल बर्फाची वाफ आली. लगेच चूक म्हणू नका, नाहीतर पुढच्या वेळी तोंडच उघडणार नाहीत. "झिरपलं तर थेंब लाल का नाहीत?" एवढंच विचारा आणि गप्प बसा (हेच आपल्याला जमत नाही). पावसाळ्यात करा, हवेत दमटपणा जास्त म्हणून थेंब भरपूर येतात. आणि हवेतली वाफ गार पेल्यावर जमली हे पोरांना पटल्यावर, ती वाफ हवेत आली कुठनं असं विचारून बाष्पीभवनाकडं वळा. ती चित्रं मात्र जपून ठेवा, धडा संपला की परत काढायला सांगा, कुणाचं काय बदललं ते त्यावरनंच कळतं, मार्कावरनं नाही.