माल्टाचं लायसन्स श्टुटगार्टमध्ये चालत नाही

श्टुटगार्टजवळ राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं गाळून त्यांची अडचण थोडक्यात सांगते. पती ब्लू कार्ड या नोकरीच्या रहिवासी परवान्यावर इंजिनिअर आहेत. जानेवारी 2023 ते मार्च 2024 या पंधरा महिन्यांत एका ऑनलाइन कॅसिनोवर स्लॉट (फिरत्या चित्रांवर पैसे लावायचा खेळ) खेळताना त्यांनी 41,200 युरो भरले आणि 13,600 काढले. बाकीचे 27,600 गेले. घरी हे कळलं ते 14,000 युरोंच्या कर्जाबद्दल बँकेचं पत्र हाती लागलं तेव्हा. साइटच्या तळाशी माल्टाचा परवाना क्रमांक होता, म्हणून पतींना ती कायदेशीर वाटली. आता एक कंपनी 40 टक्के घेऊन पैसे सोडवून देते म्हणते, आणि सासरे सांगलीचा प्लॉट विकायला निघाले आहेत. ताई विचारतात: पैसे परत मिळतील का, हा गुन्हा ठरून नागरिकत्वाच्या आड येईल का, आणि शेवटी, नवऱ्याचं हे कर्ज माझ्याही डोक्यावर येतं का?

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण झोप त्यानेच उडालेली दिसते. कर्जाच्या करारावर तुमची सही नसेल तर ते कर्ज तुमचं नाही. जर्मनीत लग्नामुळे नवऱ्याचं कर्ज आपोआप बायकोच्या डोक्यावर येत नाही. मात्र संयुक्त खातं असेल तर त्याच्या ओव्हरड्राफ्टला दोघंही जबाबदार असतात, तेवढं आजच तपासा. आणि बँकेने ‘तुम्हीही सही करा, हप्ता कमी करतो’ असं सुचवलं तर सही करू नका.

आता परवान्याबद्दल. युरोपीय संघात माल वाहतुकीपासून विम्यापर्यंत पुष्कळ गोष्टी एका देशातून दुसऱ्या देशात सहज जातात, म्हणून जुगाराचा परवानाही तसाच चालत असेल असं वाटणं साहजिक आहे. तो तसा चालत नाही. सेवांविषयीच्या 2006 च्या युरोपीय निर्देशातून जुगार मुद्दाम वगळला होता. 2009 मध्ये पोर्तुगालच्या एका प्रकरणात लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने स्पष्ट केलं की एका देशाने परवाना दिला म्हणून दुसऱ्या देशाने तो मानलाच पाहिजे असं नाही. त्यामुळे प्रत्येक देशाचं दार वेगळं आहे. स्वीडनने 2019 पासून स्वतःचे परवाने सुरू केले, नेदरलँड्सने ऑक्टोबर 2021 पासून. फ्रान्समध्ये खेळांवरच्या पैजा आणि पोकर यांना परवाना मिळतो, ऑनलाइन स्लॉटना मिळत नाही.

जर्मनीत 1 जुलै 2021 ला जुगाराविषयीचा राज्यांचा नवा करार लागू झाला. त्याआधी श्लेस्विग-होल्स्टाइन हे एक राज्य सोडलं तर ऑनलाइन कॅसिनोवर बंदीच होती. आता परवाना मिळतो, पण अटी कडक आहेत: स्लॉटच्या एका फेरीला जास्तीत जास्त 1 युरो, एक फेरी किमान 5 सेकंदांची, आणि सगळ्या साइट मिळून महिन्याला साधारणपणे 1,000 युरोच भरता येतात. देखरेख हाले शहरातल्या जीजीएल या संस्थेकडे आहे आणि परवानाधारकांची यादी तिच्या वेबसाइटवर कुणालाही पाहता येते. तुमच्या पतींनी महिन्याला सरासरी पावणेतीन हजार युरो भरले आणि कुणी अडवलं नाही. एवढ्यावरूनच ही साइट जर्मन नियमांत बसत नव्हती असं मला वाटतं. तरी यादीत त्या कंपनीचं नाव 2023 मध्ये होतं का, याची खात्री आपण आधी करू.

नाव नसेल तर तुमची बाजू चांगली आहे. कायद्याने मनाई केलेला करार जर्मन दिवाणी संहितेच्या कलम 134 प्रमाणे रद्द ठरतो आणि कलम 812 प्रमाणे घेतलेले पैसे परत करावे लागतात. अशा दाव्यांत जर्मनीतल्या बऱ्याच न्यायालयांनी खेळाडूंच्या बाजूने निकाल दिले आहेत. ग्राहक म्हणून दावा घराजवळच्या न्यायालयात लावता येतो, माल्टाला जावं लागत नाही. कॅसिनो कंपनी बचावात म्हणेल, ‘खेळ बेकायदा आहे हे त्याला माहीत होतं.’ जाणूनबुजून बेकायदा व्यवहारात दिलेले पैसे परत मागता येत नाहीत असं कलम 817 सांगतं, म्हणून हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. म्हणून पतींनी वकिलासमोर खरं ते सांगावं: त्यांना हे नेमकं कधी कळलं? न्यायालयात खोटी तारीख सांगून काही साधत नाही, जुने ईमेल आणि चॅट कंपनीकडे असतातच.

दावा लावायची मुदत तीन वर्षांची, आणि ती वर्षअखेरीपासून मोजतात. ‘माहिती कधी झाली’ यावर वाद होऊ शकतो, पण मी नेहमी सर्वांत सावध हिशेब धरते: 2023 मधल्या रकमेसाठी 31 डिसेंबर 2026, 2024 मधल्या रकमेसाठी 31 डिसेंबर 2027. पहिलं काम म्हणजे कॅसिनो कंपनीकडून खात्याचा पूर्ण इतिहास मागवणं. युरोपच्या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम 15 प्रमाणे तो एका महिन्यात द्यावा लागतो. बँकेच्या स्टेटमेंटवर मधल्या पेमेंट कंपन्यांचीच नावं दिसतात, तेवढ्याने भागत नाही. आणि ‘हे व्यवहार मी केलेच नाहीत’ असं कळवून कार्डाचे पैसे परत मागू नका. तो वेगळाच गुन्हा होईल.

खरी अडचण निकालानंतर आहे, आणि ती मी लपवणार नाही. माल्टाने जून 2023 मध्ये आपल्या जुगार कायद्यात कलम 56ए घातलं. तिथल्या परवानाधारक कंपनीविरुद्ध असे परदेशी निकाल मानायचे नाहीत, असं ते तिथल्या न्यायालयांना सांगतं. परस्परांचे दिवाणी निकाल मानण्याच्या युरोपीय नियमाशी हे जुळत नाही असं माझं ठाम मत आहे, आणि युरोपीय आयोगानेही 2025 मध्ये माल्टाविरुद्ध प्रक्रिया सुरू केली. पण कागदावर जिंकलेले पैसे हातात यायला वर्षं लागू शकतात. कंपनीचं बँक खातं दुसऱ्या एखाद्या सदस्य देशात सापडलं, तर ते गोठवायचा युरोपीय आदेश मिळवता येतो. तेच शोधावं लागतं.

म्हणून 40 टक्के ऐकून मी लगेच नाही म्हणत नाही. जर्मनीत हरणाऱ्याला समोरच्याचाही खर्च द्यावा लागतो, आणि कायदेशीर खर्चाच्या विम्यातून जुगाराचे करार बहुधा वगळलेले असतात. हरल्यास सगळा खर्च ती कंपनी सोसणार, माल्टातल्या वसुलीचाही, असं लेखी असेल तर सौदा विचार करण्यासारखा आहे. आधी फी मागत असतील तर फोन ठेवून द्या.

गुन्ह्याबद्दल: बेकायदा जुगारात भाग घेणाऱ्याला जर्मन दंडसंहितेच्या कलम 285 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. पण त्यासाठी हेतू लागतो, आणि परवाना पाहून विश्वास ठेवलेल्या माणसाबाबत तो सिद्ध करणं कठीण आहे. जर्मनीत दंड दिवसाच्या कमाईच्या हिशेबाने मोजतात; 90 दिवसांपर्यंतचा एखादा दंड नागरिकत्वाच्या आड येत नाही, मात्र चौकशी चालू असेल तर अर्ज थांबतो. आता माहीत झाल्यावर पुन्हा खेळले तर मात्र हा बचाव उरणार नाही.

म्हणूनच या आठवड्यात पतींनी ओॲसिस या जुगारबंदीच्या देशव्यापी यादीत स्वतःचं नाव घालून घ्यावं. अर्ज दार्मश्टाटच्या प्रशासकीय कार्यालयाकडे जातो. ते तयार नसतील तर पुराव्यासह तुम्हीही अर्ज करू शकता, तेव्हा बंदी किमान एक वर्षाची असते. पण परवाना नसलेल्या साइट ही यादी पाहत नाहीत, म्हणून फोनवर जुगार अडवणारं ॲपही टाका. कर्जासाठी कारितास किंवा डियाकोनी या चर्चच्या सेवासंस्थांच्या कर्ज सल्ला केंद्रात जा, तिथे पैसे लागत नाहीत.

सासऱ्यांना सांगा, प्लॉट थांबवा. हप्ते बसवून मिळण्याजोगं हे कर्ज आहे. खात्याचा इतिहास आला की तो आणि 40 टक्के मागणाऱ्या कंपनीचा करार, सही न करता, मला पाठवा.